साडेतीनचा रंग

कुडतरीच्या तळ्याच्या बांधावरून स्कूटर घातली
तेव्हा पाठीवर हत्यारांची पिशवी होती
आणि कानात मेस्त इनासियूंचा निरोप:
दिसत नाही काही. पाचही ओळींची एक झालीय.

मला वाटलं, स्क्रीन गेली.
स्क्रीन ठणठणीत. मेस्तांचे डोळे मात्र
मडगावच्या डॉक्टरनं एकेक करून उघडून,
नवं भिंग घालून परत दिलेले.
पांढरा आता नको तितका पांढरा, म्हणाले,
भर बाराला रेतीत बसून सूर लिहितोय असं वाटतं.

मी सेटिंग उघडली.
पान. पट्टी. निवडलेला सूर.
पहिला आवाज निळा, दुसरा हिरवा,
तिसरा नारिंगी, चौथा जांभळा.
हे कुणी ठरवलं?
कुणीतरी. लांब कुठेतरी.
लग्नाची रोषणाई आहे ही. काढ.

काढली. चारही आवाज काळे केले,
काळाही जरा मऊ,
दौतीत पाण्याचा थेंब पडावा तसा.

मग ते कपाटाशी गेले, वडलांची वही आणली.
एक कोपरा वाळवीनं नेलेला,
मोतेतच्या मधोमध मेणाचा डाग.
असं कर, म्हणाले.
एका हातानं ते पान मी स्क्रीनला लावून धरलं,
दुसऱ्यानं फुली सरकवत राहिले
ताकातून, ओल्या काजूगरातून,
धुऊन धुऊन विटलेल्या पडद्यातून.
‘आनीक मातशें... ना, फाटीं यो... थांब.’

जुळला.
तेवढ्यात खिडकीतलं ऊन हललं
आणि वही गव्हाळ झाली. स्क्रीन होती तशीच.
मेस्त दोन्हींकडे बघत बसले.
‘बाय, तू किती वाजताचा रंग घेतलास?’
साडेतीनचा, मी म्हटलं.
‘लदीन सातला असते,’ म्हणाले. मग, ‘चालेल.’

लाल तेवढा उरला होता.
सगळ्यात खालचे तीन सूर
प्रोग्राम लाल करून दाखवी.
माणसाचा आवाज इथवर पोचत नाही, असं त्याचं मत.
मेस्त भडकले.
कुस्तोद रेंदेर पोचतो!
माडावरून उतरला की आणखी एक पायरी खाली.
त्याला येऊन विचारलं कुणी?
आणि लाल हुतात्म्यांच्या सणाचा, पाद्रीच्या झग्याचा.
चुकीवर उधळायचा रंग नाही तो.
मी ती खूण बंद केली.
कुस्तोदचे तिन्ही सूर काळे झाले, चारचौघांसारखे.

निघताना बजावलं,
नवी आवृत्ती आली तर हे सगळं पुसून जाईल,
रंगाचा नंबर लिहून ठेवा.
एफ, ए, ई, बी, सी, आठ.
त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला.
वाचला. पुन्हा वाचला.
‘फा,’ म्हणाले. ‘ला.’
आणि सरळ गायलाच लागले, मी, सी, दो,
दारातली कोंबडी मान वाकडी करून थांबली.
आणि आठ?
आठ म्हणजे नुसता आकडा, मी म्हटलं.
‘आठ म्हणजे वरचा दो.’
घ्यायला गेले. लागला नाही. खोकले.
‘तो बायकांचा,’ म्हणाले,
आणि दोनशे रुपयांवर एक नीरफणस दिला.

दोन महिन्यांनी रात्री फोन आला.
हॅलोच्या आधी पाच सूर.
मला कळलं, पांढरं झालं पुन्हा.
मी बांगडे तळत होते.
गॅस बारीक केला.
नंबर त्यांच्याकडे होता, तो कुठं भरायचा तेवढं विसरले होते.
ते मी सांगणारच होते, पण ते थांबले होते
दोवर, श्वास धरून.
घसा खाकरला
आणि आठ मी दिला. अंदाजानं.